हात दिसला की पळणाऱ्या कोंबड्या

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बदलापूरजवळच्या घरामागे जाळीचं खुराडं केलंय. त्यात फिरत्या टेम्पोवाल्याकडून घेतलेल्या सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आहेत, चार गिरिराज आणि दोन कडकनाथ जातीच्या. दोन महिने झाले, तरी दार उघडलं की सगळ्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढतात आणि कडकनाथ जाळीवर जाऊन आदळतात. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला त्या मांडीवर घ्यायच्या आहेत. कुणीतरी सांगितलं की रोज संध्याकाळी एकेकीला पकडून दहा मिनिटं हातात धरा, आपोआप माणसाळतील. तुम्ही तसं करताय. हातात आल्यावर त्या "अगदी शांत" होतात, पण दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

आधी त्या शांतपणाबद्दल बोलते, कारण सगळी गोम तिथे आहे. पकडलेली कोंबडी निपचित पडते, मान सैल सोडते, कधी डोळेही मिटते. आपल्याला वाटतं, बरं वाटतंय तिला. तसं नसतं. शिकाऱ्याच्या पकडीत सापडलेल्या पक्ष्याचा तो शेवटचा डाव असतो. धडपड थांबवली की मांजर किंवा कोल्हा क्षणभर पकड ढिली करतो आणि तेवढ्यात निसटता येतं. कोंबडी जमिनीवर दाबून धरायची, तिच्या चोचीसमोर खडूची रेघ ओढायची आणि ती जागची हलत नाही हे दाखवायचं, हा खेळ फार जुना आहे. अथानासियस किर्चर या जेझुइट पंडिताने 1646 साली त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. लोक त्याला संमोहन म्हणत आले. खरं तर ती भीतीची परिसीमा आहे. आजही कोंबडी किती भित्री आहे हे मोजताना संशोधक तिला उताणी धरतात, सोडतात आणि ती किती वेळ निपचित राहते ते बघतात. जितका वेळ जास्त, तितकी भीती जास्त.

तुमच्या हातातली कोंबडी खरंच निवांत आहे की गोठली आहे, हे सोडल्यावर कळतं. निवांत कोंबडी खाली ठेवली की अंग झटकते, पिसं नीट करते आणि तिथेच दोन-चार टोचा मारून जमीन उकरू लागते. गोठलेली सुटल्या सुटल्या बाणासारखी जाते आणि लांब जाऊन मान ताठ करून तुमच्याकडे बघत उभी राहते. तुमच्या वर्णनावरून तुमच्या सगळ्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

म्हणजे कोंबड्या शिकत नाहीत असं नाही, चांगल्याच शिकल्या आहेत. त्यांनी शिकलेला धडा असा की संध्याकाळ झाली, दार वाजलं आणि हात आला की पकड बसते. टेम्पोवाल्याने क्रेटमधून काढताना पाय धरून उलट्या लटकवल्या असतील, तो धडा नंबर एक. मग तुम्ही रोज उजळणी घेतलीत. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न त्यांना हाताळायची सवय कशी लावायची हा नाहीच. शिकलेलं विसरायला कसं लावायचं, हा आहे. त्याला पहिल्या पाठापेक्षा वेळ जास्त लागतो. रोजची पकडापकडी आजपासून बंद करा.

किती वेळ लागेल हे मी सांगणार नाही, कारण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. जात हा त्यातला मोठा भाग. गिरिराज अंगाने जड आणि खाण्याला हावरी, त्यामुळे लवकर वळते. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कडकनाथ हलकी, चपळ आणि उडायला तयार. पांढरी लेगहॉर्नही अशीच, जरा खुट्ट झालं की सगळा थवा हवेत. भीती थोडीफार रक्तातून येते. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात लाल रानकोंबड्यांमधून माणसाला कमी भिणारे पक्षी निवडून त्यांचीच पैदास करत गेले, तर काही पिढ्यांतच धीट वाण वेगळा झाला. आपल्या पाळीव कोंबड्या मुख्यतः त्याच लाल रानकोंबडीच्या वंशातल्या. सह्याद्रीतली राखी रानकोंबडी ऐकू येते, दिसत नाही, हे जंगलात फिरलेल्यांना ठाऊक असेल. तिचाही थोडा अंश पाळीव कोंबडीत आहे, पिवळ्या कातडीचा गुण तिच्याकडून आला असं 2008 साली दाखवून दिलंय. तर या खानदानाकडून कुत्र्याच्या पिल्लाची अपेक्षा धरू नये.

जातीशिवाय वय आहे, पिल्लं कशी वाढली ते आहे, खुराडं केवढं आणि आसपास कुत्रं-मांजर किती हेही आहे. बल्बखाली शेकड्याने वाढलेल्या पिल्लांनी माणूस पाहिलेला असतो तो वरून खाली वाकलेला, खाद्य ओतणारा नाहीतर लस टोचणारा. खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्लं आईकडे बघून ठरवतात. आई तुम्हाला भीत नसेल तर तीही भीत नाहीत. पुढच्या वेळी पिल्लं हवी असतील तर धीट कोंबडीखाली अंडी बसवा. एकवीस दिवस थांबायचं, अर्धं काम ती करून देते.

आता कोंबडीला तुम्ही कसे दिसता ते बघा. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं. रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, अगदी आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही. पण अंधार पडला की ती जवळपास आंधळी. आणि तिच्या वंशाचा सगळ्यात जुना वैरी वरून येतो. घार, शिक्रा. वरच्या संकटासाठी कोंबड्याची हाक वेगळी असते, बारीक आणि लांबट. जमिनीवरच्या मांजरासाठी वेगळी, तो ओळखीचा कलकलाट. अशा पक्ष्याच्या पाठीवर तुम्ही उभ्याने, वरून, पाच बोटं पसरलेला हात आणता. तिने काय समजावं? पावसात छत्री उघडून खुराड्यात शिरून बघा, तीच धावपळ होईल.

म्हणून पहिली गोष्ट, उंची कमी करा. आत जाऊन पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसा, त्यांच्याकडे तोंड न करता जरा आडवे. रोखून बघू नका. मी भाजी निवडायला घेऊन बसते, त्याने हात कामात राहतात आणि नजर खाली राहते. वेळ दुपार कलल्यावरची. रात्रीसाठी गळ्याखालची पिशवी भरून घ्यायची त्यांना तेव्हा घाई असते, त्यामुळे भूक भीतीवर मात करायला मदत करते. पण मुद्दाम उपाशी ठेवू नका. उपाशी कोंबड्या एकमेकींना टोचतात आणि वाढीच्या वयात तलंगांची वाढही खुंटते. सुरुवातीला शक्यतो त्याच माणसाने, त्याच रंगाच्या कपड्यांत जावं. माणसं त्या ओळखतात, पण कपडे बदलले की काही जणींची खात्री डळमळते.

दुसरी गोष्ट ऐकायला उलटी वाटेल. त्यांना पळून जायला जागा करून द्या. तुमच्या वर्णनातलं खुराडं उघडंबोडकं आहे, चार कोपरे आणि मधे मोकळी जमीन. तिथे घाबरलेल्या कोंबडीला एकच उपाय, कोपरा. आणि कोपऱ्यात अडकली की ती जाळीवर जाते. त्यात एखादा जुना टेबल ठेवा, दोन-तीन पानांच्या फांद्या तिरक्या टेकवा, एका बाजूला प्लायचा तुकडा आडोशाला लावा, वर अर्ध्या भागात ग्रीन नेट टाका. आडोसा जवळ असला की कोंबडी त्यातून बाहेर येऊन तुमच्याकडे चार पावलं टाकते, कारण परत जायचा रस्ता तिच्या हातात असतो. नव्या लोकांच्या खुराड्यात मी हा एवढाच बदल करायला सांगते आणि बाकीचं काही सुरू करायच्या आधीच निम्मी आदळआपट थांबलेली असते.

तुमच्या कंबरेच्या उंचीवर एक दांडीही बांधा. दांडीवर बसलेली कोंबडी जमिनीवरच्यापेक्षा धीट असते आणि तिथे तुमचा हात वरून नाही, समोरून, तिच्या छातीच्या पातळीवर येतो.

मग खाऊ. रोजचं ग्रोअर (वाढत्या वयाच्या कोंबड्यांचं) खाद्य भांड्यात राहू द्या, खाऊ वेगळा आणि तो फक्त तुम्ही असताना. ज्वारी-बाजरी चालते, उकडलेलं अंडं कुस्करून दिलं तर उड्या पडतात आणि ओल्या गोवरीखाली सापडलेली वाळवी मिळाली तर मग विचारू नका. फरसाण, शिळं खारट कालवण नको. मुलांना ते द्यायची भारी हौस असते, त्यांना आधीच बजावा. खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या भागाहून जास्त होऊ देऊ नका. टाकताना रोज एकच हाक घाला. घराघरात ती वेगळी असते, आमच्याकडे आ-आ-आ आहे. हाक आणि खाणं यांची जोडी त्यांना नवी नाही. कोंबडा दाणा सापडला की असाच टकटक आवाज करून, तो उचलून-टाकून कोंबड्यांना बोलावतो आणि आई पिल्लांना.

सुरुवातीला दाणे तुमच्यापासून लांब टाका. त्या खाऊन मागे जातील, जाऊ द्या. मग हळूहळू अंतर कमी, मग वाटी पायाशी, मग वाटी हातात, मग रिकामी वाटी बाजूला आणि तळवा जमिनीवर सपाट, मधे चार दाणे. पुढची पायरी कधी, हे कॅलेंडर सांगणार नाही, कोंबडी सांगेल. आज ती कालच्या अंतरावर पाठ फिरवून खातेय का? पाठ फिरवून खाल्लं तर पुढे सरका. प्रत्येक टोचीनंतर मान वर करून बघत असेल तर आहे तिथेच थांबा.

तळव्यावरचा पहिला दाणा कसा उचलला जातो ते बघण्यासारखं असतं. पाय मागेच रोवलेले, अंग पुढे झुकलेलं, मान एवढी लांब की कोंबडीला इतकी मान असते हे तेव्हाच कळतं. एकदा डोकं वाकडं करून एका डोळ्याने दाणा बघते, मग दुसऱ्या डोळ्याने तुम्हाला. एक टोच, दाणा पडतो, आणि ती पळते. नेमक्या त्या क्षणी बोटं जराही मिटू नका आणि कौतुकाने ओरडू तर मुळीच नका. ती परत येते. दुसऱ्या खेपेला एक पाय पुढे आलेला असतो.

सहाही जणी एकदम येणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. एक धीट निघते, बहुधा सगळ्यात हावरी. तिच्यावर मेहनत घ्या, बाकीच्या बघून शिकतात. एकमेकींकडे बघून शिकण्यात कोंबड्या हुशार असतात. पण त्या एकीला वेगळी काढून घरात नेऊन माणसाळवू नका. एकटी पडलेली कोंबडी सैरभैर होते, तिला त्या वेळी काहीच शिकवता येत नाही.

स्पर्शाची पाळी आली की पाठ सोडा. पाठीवरचा हात हा घारीचाच. बोटांच्या मागच्या बाजूने छातीला, गळ्याखाली हलकं शिवा, ते सुद्धा ती खात असताना, आणि ती बाजूला व्हायच्या आधी हात काढून घ्या. उचलणं अगदी शेवटी. दोन्ही पंख अंगाशी मिटलेले राहतील असं धरायचं, एक तळवा छातीखाली, पाय बोटांच्या मधे. क्षणभर उचलून परत जमिनीवर ठेवायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. छाती आवळून धरू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, श्वास घ्यायला छातीचं हाड पुढे-मागे व्हावं लागतं. मुलं प्रेमाने घट्ट कवटाळतात आणि कोंबडी गुदमरते. पाय धरून उलटं लटकवणं तर कुणालाच करू देऊ नका. बाजारात सगळे तसंच नेतात, पण तिथे तिच्या मर्जीचा प्रश्नच नसतो.

एक गोष्ट लोक हमखास चुकीची वाचतात. तलंगा साधारण पाच-सहा महिन्यांच्या होऊन अंड्यावर आल्या की हात पुढे करताच खाली बसतात, पंख जरा पसरवतात आणि जागच्या हलत नाहीत. "बघा, माणसाळली!" असं म्हणत फोटो येतात. ते मिलनासाठी कोंबड्यापुढे बसणं आहे, अंडी सुरू होणार याची खूण. तपासायला उचलायची असेल तर त्याचा फायदा जरूर घ्या, पण विश्वास म्हणून मोजू नका. विश्वास बघायचा असेल तर तुम्ही बसलेले असताना त्या काय करतात ते बघा. तुमच्यापासून हातभर अंतरावर मातीत लोळते, एक पाय आणि एक पंख ताणून उन्हात आडवी होते, पिसांत चोच घालून साफसफाई करते. यातलं प्रत्येक काम करताना तिला पळायला वेळ लागणार असतो. भीती असेल तर ती ते तुमच्यासमोर करणारच नाही.

पकडायची वेळ मात्र येणारच. लस आहे, उवा बघायच्या आहेत, पायाला जखम आहे. तेव्हा खाऊची हाक देऊन जवळ बोलावून झडप घालू नका, महिन्याची कमाई एका फटक्यात जाते. अंधार पडल्यावर, त्या दांडीवर बसल्या की मंद टॉर्च घेऊन जा आणि हळूच उचला. दिसत नसल्याने धडपड फार होत नाही आणि दिवसाच्या तुमच्याशी त्याचा फारसा संबंधही लागत नाही. आमच्या घरी लासोटाचे (राणीखेत रोगावरच्या लसीचे) थेंब डोळ्यात घालायचं काम नवऱ्याकडे आहे. तो दिसला की कोंबड्या अजूनही आडोशाला जातात आणि तो बिचारा मनाला लावून घेतो. पण घरात एक जण वाईट असला की दुसऱ्याला चांगलं राहता येतं. रात्री उचलून-उचलून सवय लावा असंही काही जण सांगतात. तपासणीसाठी ठीक, ओळख वाढवण्यासाठी मला त्याचा उपयोग वाटत नाही. जिला तुम्ही दिसतच नाही, ती तुमच्याबद्दल काय शिकणार?

आता मुलीबद्दल. आठ वर्षांची मुलगी हे काम मोठ्या माणसापेक्षा चांगलं करू शकते, कारण ती मुळातच बुटकी असते आणि मोकळ्या वेळात बसून राहू शकते. तिला धीर धरायला फक्त एक नियम सांगा, की कोंबडीकडे जायचं नाही, कोंबडी आली तर येऊ द्यायची. पाय पसरून जमिनीवर बसायचं, मांडीवर जाडसर फडकं टाकायचं आणि खाऊ मांडीवर ठेवायचा. मांडीवर घेण्यापेक्षा मांडीवर चढू देणं खूप सोपं जातं. कानातलं काढून ठेवा आणि तोंड कोंबडीच्या तोंडाजवळ नेऊ देऊ नका. चकचकीत दिसेल ते टोचणं हा तिचा धर्म, त्यात कानातला खडा येतो आणि डोळाही. नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं, कोंबडीची पापी घेणं बंद. दिसायला धडधाकट कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

माझा अंदाज विचाराल तर चार गिरिराजांपैकी दोन-तीन मांडीवर येतील. कडकनाथ हातावरचे दाणे खातील आणि निघून जातील. त्यावर समाधान मानावं असं मला वाटतं. पुढेमागे कोंबडा आणलात तर त्याला मात्र फार लाडावू नका. माझ्या अनुभवात लहानपणी मांडीवर वाढलेला कोंबडा मोठा झाला की माणसाची भीडभाड ठेवत नाही, पायावर नख्या मारतो, आणि घरात मूल असेल तर ते नको.

एवढं करूनही चित्र हलेना, किंवा धीट झालेली कोंबडी अचानक लांब राहू लागली, तर आधी वेगळी कारणं तपासा. पिसं गाळायचे दिवस असतील तर नवी पिसं फुटताना त्यांच्या नळ्यांत रक्त असतं आणि नुसता स्पर्शही दुखतो. ते संपेपर्यंत खाऊ चालू, हात बंद. दांडीच्या फटींमध्ये आणि टोकांना रात्री टॉर्च मारून बघा, रक्त पिणारे बारीक लाल किडे तिथे दिवसा लपतात आणि रात्रभर झोप लागू देत नाहीत. जाळीच्या खालच्या कडेने चक्कर मारा. माती उकरलेली असेल, तर मुंगूस रात्री येऊन जातंय आणि तुमच्या कोंबड्या तुम्हाला भीत नसून त्याच्यामुळे भेदरलेल्या आहेत. मग जाळी वीतभर जमिनीत गाडा किंवा बाहेरून कडेला दगड लावून घ्या. ते आधी, बाकीचं त्यानंतर.